बदकाचं तोंड कुणीकडे

तुकिनेमची बदकं आमच्या निकेरी गावात सगळ्यांच्या ओळखीची होती. भाताची कापणी झाली की ती त्यांना खाचरांत सोडायची. सांडलेले दाणे टिपून बदकं अशी गुबगुबीत व्हायची, की चालताना त्यांची पोटं चिखलाला घासायची. माझं घर कालव्याच्या अलीकडे, तिचं पलीकडे. नदीवरच्या फेरीबोटीवर मी तिकिटं फाडायचो. तिच्या घरातलं अर्धंमुर्धं मला माझ्या पायरीवरून दिसायचं, आणि उरलेलं बोटीवर कानावर पडायचं.

बदकं पाळायची तुकिनेम, कापायचा तिचा थोरला भाऊ वागिरान. ती विधवा, तो बिनलग्नाचा, दोघंही साठीच्या आसपास. त्यांचे आजोबा जावाहून उसाच्या मळ्यावर करारी मजूर म्हणून सुरिनामला आले होते. करार संपला की परत जायचं, असं ठरलेलं. गेले नाहीत. पण नमाज मात्र ते शेवटपर्यंत पश्चिमेकडे तोंड करून पढले, कारण जावाहून मक्का पश्चिमेला. इथून ती पूर्वेला आहे हे त्यांनाही कुणीतरी सांगितलं होतंच. आमच्या गावात जावाच्या लोकांच्या यावरून दोन मशिदी आहेत, एक पश्चिमवाल्यांची, एक पूर्ववाल्यांची. मारामारी कधी झाली नाही, पण एकमेकांच्या मयतीला जाताना लोक जरा घुटमळतात. तुकिनेम आणि वागिरान पश्चिमवाले.

तुकिनेमचं मोठं गिऱ्हाईक नदीपलीकडे, गयानात. बीबी झलीना तिथे लग्नाच्या पंगतींचा स्वयंपाक करायची, आणि त्या काठावर मुसलमानाच्या लग्नात बदकाची करी नसेल तर वऱ्हाड रुसतं. वर्षानुवर्षं तुकिनेमची बदकं बर्फात घालून, गोणपाटाखाली, चोरट्या होडीतून पलीकडे जात होती. झलीना तिच्या मोडक्या इंग्रजीत बोलायची, तुकिनेम आमच्या हिंदुस्तानीत, आणि दोघींना दोघींचं सगळं कळायचं.

मग एका वर्षी दोन्हीकडचे मंत्री धक्क्यावर आले. मांडव पडला, भाषणं झाली. आता नदी उरली नाही, दोन देशांचा एकच बाजार झाला, असं एक जण म्हणाला. नदी होती तिथेच होती. फरक इतकाच पडला, की चोरट्या होड्यांवर पहारा बसला आणि माल फेरीबोटीने, कागद दाखवून न्यायचा असं ठरलं. जनावरांच्या डॉक्टरचा कागद तुकिनेमला सहज मिळाला. पण आता माल उघड जाणार म्हटल्यावर पलीकडचे दुकानदारही बदकं मागायला लागले, आणि त्यांना मशिदीचा शब्द हवा होता. बदक हलाल आहे असं कुणीतरी जबाबदार माणसाने सांगायला हवं.

म्हणून झलीना तिच्या गावच्या याकूब मौलवींना घेऊन सकाळच्या बोटीने आली. परतीच्या बोटीला वेळ होता म्हणून मीही मागोमाग गेलो.

वागिरानने सुरा धुतला, बदक फळीवर धरलं, त्याचं तोंड पश्चिमेला वळवलं.

"थांबा," मौलवी म्हणाले. "तोंड उलटं आहे."

"बदकाचं?"

"बदकाचं आणि तुमचंही."

"माझं जन्मापासून असंच आहे," वागिरान म्हणाला.

"काबा पूर्वेला आहे, बाबा. किबला तिकडे."

"ठाऊक आहे. आमच्या शाळेत नकाशा होता."

"मग?"

"आजोबांनी इकडे केलं, बापाने इकडे केलं. आता नकाशा बघून बापाला वेड्यात काढू?"

झलीना मधे पडली. "मौलवीसाब, इतकी वर्षं माझ्या पंगतीत ह्याच हातची बदकं खाल्लीत. आमच्या शकूरच्या लग्नात तर दोनदा वाढून घेतलंत."

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"म्हणजे चवीत तरी काही खोट नव्हती."

"हसू नकोस, बीबी. नकळत खाल्लेलं माफ असतं. कळून शब्द दिला तर तो माझ्या मानेवर." मग ते वागिरानकडे वळले. मौलवी काही वाईट माणूस नव्हते. "दिशा चुकली म्हणून मांस हराम होत नाही, हे मीही जाणतो. पण उद्या दुकानदार विचारेल, किबल्याकडे तोंड होतं का? मी काय सांगू?"

"नव्हतं म्हणून सांगा," वागिरान म्हणाला आणि त्याने बदक पुन्हा टोपलीत ठेवलं.

परतीच्या बोटीत मौलवी कठड्याजवळ जाऊन बसले. झलीनाला गप्प बसवत नाही. "मजा बघा," ती मला म्हणाली, "ते नमाजाला आमच्याकडे तोंड करतात, आम्ही त्यांच्याकडे. मधे ही नदी. वरून बघणाऱ्याला वाटत असेल, ही माणसं एकमेकांनाच सलाम करतायत."

मौलवींनी छत्री उघडली. ऊन तर नव्हतंच.

संध्याकाळी कालव्यापलीकडून मला बहीणभावाचं बोलणं ऐकू येत होतं. जावाची माणसं थोरल्या भावाला कांग म्हणतात.

"कांग, नुसतं वळायचं तर आहे."

"मग तू वळ."

"तुला परत जायचंय का जावाला?"

"मला तिथे ओळखणारं कोण आहे?"

"मग हा हट्ट कुणासाठी?"

त्याने पायाचा चिखल पायरीवर खरवडला. मग म्हणाला, "आजोबा उसात उभे राहून तिकडे तोंड करायचे. मुकादम हसायचा. ते म्हणायचे, माझं शरीर तेवढं इथे आलंय, मी अजून आलेलो नाही. मी वळलो तर ते आले असं ठरेल."

तुकिनेमने भांडी आवरायला घेतली. दुसऱ्या दिवसापासून तिने त्याला एका शब्दानेही सुचवलं नाही.

तिने पूर्ववाल्यांच्या मशिदीतला लेगिमान कापायला बोलावला. भला माणूस, हात चांगला. तो काही दिवस आला, माल गेला, मौलवींनीही शब्द दिला. वागिरान त्या दिवसांत सकाळीच गळ घेऊन कालव्यावर जाऊन बसायचा. मासे आणायचा नाही. पण गुरुवारी संध्याकाळी तुकिनेमच्या घरात पितरांसाठी धूप जळतो, नैवेद्य ठेवतात, आणि पूर्ववाल्यांना हे चालत नाही. लेगिमानच्या मशिदीतल्या वडीलधाऱ्यांनी त्याला विचारलं, असल्या घरचे पैसे कसे चालतात तुला? त्याने बिचाऱ्याने येऊन तुकिनेमची माफी मागितली, एक फणस ठेवून गेला, आणि पुन्हा आला नाही.

झलीनाच्या हातात एक मोठं लग्न होतं. तिने मौलवींना विचारलं, बाईने कापलेलं चालतं का? चालतं, ते म्हणाले. तिने लगेच तुकिनेमला फोन केला. "तुकी, आता सुरा तूच धर. तुझ्या भावाची पश्चिम त्याच्यापाशी राहू दे."

पहिल्या सकाळी तुकिनेम पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली. जन्मभर बदकं वाढवलेली बाई, पण कापलेलं एकही नव्हतं. तिने अल्लाचं नाव घेतलं, सुरा फिरवला, तो नीट बसला नाही. बदक तिच्या हातातून सुटून शेडभर फडफडलं. दुसऱ्या वेळीही तेच. पायरीवर बसलेला वागिरान उठला.

"जनावराला छळू नकोस. सुरा दे इकडे."

"कांग, दिशा..."

"दिशा तू बघ. तू धर."

तिने बदक धरलं, त्याचं तोंड पूर्वेला केलं. तो फळीला वळसा घालून समोरच्या बाजूला गेला. बदक पूर्वेकडे बघत होतं, तो पश्चिमेकडे. दोघांनी एकदमच बिस्मिल्ला म्हटलं. एका झटक्यात काम झालं. पुढचं बदक, त्याच्या पुढचं. मधे एकदा तुकिनेमने कोपराने डोळे पुसले. हात रक्ताचे होते.

आठवड्याने मौलवी पुन्हा आले. दोघं समोरासमोर उभी राहून काम करताना त्यांनी बघितलं. बराच वेळ दाढीवरून हात फिरवत राहिले.

झलीनाला धीर निघेना. "काय ते बोला ना, मौलवीसाब."

"मी बदक बघायला आलो होतो. बदकाचं तोंड किबल्याकडे आहे."

"आणि माणसाचं?" वागिराननेच विचारलं.

"माणसाबद्दल मला कुणी विचारलेलं नाही," मौलवी म्हणाले. "विचारलं तर सांगेन, हात हलका आहे."

वागिरानने सुरा पुसला आणि त्यांना चहा पिऊन जायला सांगितलं. ते थांबले.

पूर्ववाले हसले. पश्चिमवाल्यांतले काही म्हणाले, वागिरानने अर्धी दिशा विकली. बदकं मात्र दर आठवड्याला बोटीने जायला लागली. दुकानांत, खानावळींत, एका मोठ्या हॉटेलातही. तुकिनेमने शेडवर नवे पत्रे घातले.

पुढच्या पावसाळ्यात पलीकडच्या बदकवाल्यांनी ओरड केली, की सुरिनामच्या मालाने आमचा धंदा बसला. मग रोगाचं कारण सांगून कच्च्या बदकांची आयात बंद झाली. रोग कुणाच्या बदकाला झाला होता, ते काही कळलं नाही. एकच बाजार झाल्याचं सांगणारा मंत्री तोवर दुसऱ्या खात्यात गेला होता. तुकिनेमच्या अंगणात बदकं वाढत होती, खात होती, आणि गिऱ्हाईक नव्हतं.

एका सकाळी झलीना बोटीतून उतरली ती दोन आचारी, मसाल्याच्या गोण्या आणि लग्नाची मोठी पातेली घेऊन. तिने तुकिनेमच्या अंगणात चुली मांडल्या. दिवसभर कालव्यावर मसाल्याचा खकाणा उठत होता. वागिरानला ठसका लागला तसा तो म्हणाला, "ही बाई बदक शिजवते की जाळते?"

"तू खाऊन बघ, मग बोल," झलीना म्हणाली.

त्याने खाल्लं. थोडं अजून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीला पातेली आली, झाकणं कणकेने बंद केलेली. त्या दिवशी आमच्याच धक्क्यावर तपासणीला पलीकडचा एक तरुण अधिकारी होता. त्याने एक झाकण उचकटलं, वास घेतला.

"बदक आहे?"

"करी आहे," झलीना म्हणाली.

"बदकाची?"

"बाळा, नाकाला कळतंय ते तोंडाने का विचारतोस?"

"बदक बंद आहे, आंटी."

"कच्चं बंद आहे. हे कच्चं आहे का? बोट घालून बघ. नाही, डाव घेऊन बघ, थांब."

त्याने वरिष्ठाला फोन लावला. वरिष्ठाने आणखी कुणाला तरी लावला. बोटीचा भोंगा झाला. मागे भाताचे ट्रक उभे होते, चालक शिव्या देत होते. अधिकाऱ्याने फोन ठेवला. "शिजवलेल्याबद्दल कुणी काहीच लिहिलेलं नाही."

"मग लिहीपर्यंत जाऊ दे. वऱ्हाड बसलंय."

त्याने हात हलवला. पातेली चढवली गेली. झलीनाने तुकिनेमच्या दंडाला धरलं. "तूही चल. एवढी वर्षं बदकं पाठवलीस, एकदा खाणाऱ्यांची तोंडं बघ."

तुकिनेमने मागे वळून भावाकडे पाहिलं. वागिरान पातेली पोहोचवायला धक्क्यापर्यंत आला होता.

"जा," तो म्हणाला. "बदकांना मी दाणे घालतो."

मी तिकिटं फाडली. तुकिनेमने आयुष्यात ही नदी ओलांडलेली नव्हती. तिने मला विचारलं, "वर बसू की खाली?"

"वर वारा फार असतो. खाली बसा."

तिने मान डोलावली, पदराचं टोक कमरेला खोचलं आणि जिना चढून वर गेली.