दुपट्यासकट वजन

मित्रांनो, मी किती जुना आहे हे माझ्या परातीवरचे पोचेच सांगतील. मी तान्ह्या बाळांचा वजनकाटा. कारखान्यातून निघालो तेव्हा पांढराशुभ्र होतो. बरीच वर्षं एका दवाखान्यात राबलो आणि मग या चर्चच्या मागच्या खोलीत दान म्हणून आलो. ज्या आयांना कुणाचाच आधार नाही, त्यांना इथे निवारा मिळतो. दर बुधवारी त्यांची बाळं माझ्या परातीत ठेवायचे. याच्यासारखा खरा कुणी नाही, असं इथल्या नर्सताई सगळ्यांना सांगायच्या. कशाला खोटं बोलू, माझी छाती फुगायची.

चर्चमधल्या आज्या प्रत्येक बाळासाठी लोकरीचं दुपटं विणतात. त्यांचे हात आणि तोंड दोन्ही भराभर चालतात. वजनाआधी दुपटं त्या आपल्या हातानं बाळाला गुंडाळतात. ते लगेच काढलं तर आज्यांना वाईट वाटेल, म्हणून नर्सताई दुपट्यासकटच वजन करू लागल्या. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही.

एकदा एक कोवळी मुलगी आली. घरच्यांनी दार लावून घेतलेलं, कुशीत आठ दिवसांची लेक. तिचं दुपटं अजून विणून व्हायचं होतं. पातळ सुती कपड्यात लेक अडीच किलो भरली. पुढच्या बुधवारी ती नव्या जाड दुपट्यात आली आणि काटा पावणेतीनवर गेला. नर्सताईंनी कौतुकानं वहीत लिहिलं.

“ताई, ही दूध ओढत नाही हो,” मुलगी म्हणाली.

“अगं, पाव किलो वाढलीय. पहिलटकरणीला असंच वाटतं. काटा कशाला खोटं बोलेल?”

मुलगी माझ्याकडे बघत राहिली. नुसतं दुपटंच चारशे ग्रॅमचं होतं. लेक वाढली नव्हती, उतरली होती. मला सगळं कळत होतं, पण देवानं मला तोंड दिलं नाही. जेवढं वर ठेवाल तेवढंच मी दाखवणार. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

शनिवारी लेक डोळे उघडेना. तिला दवाखान्यात नेलं. तिथे उघड्या अंगानं वजन भरलं सव्वादोन किलो. अजून तिला नळीनं दूध पाजतात. वाचेल का, ते कुणी सांगत नाही. इथे बैठक झाली आणि काटाच बिघडलाय असं ठरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! नर्सताई रडल्या, त्यांच्या मनात पाप नव्हतंच. पण दुपट्याचं नाव कुणी काढलं नाही, आणि मी कपाटावर जाऊन पडलो.

मित्रांनो, बाळाला तोलायचं तर आधी त्याच्या अंगावरचं सगळं काढा. आणि आई काय म्हणते ते ऐका. मला इथून एवढंच ओरडून सांगायचंय, आणि तेच जमत नाही.

या बुधवारी नवं यंत्र आलं. त्यावर एक बाळ दुपट्यासकट ठेवलं. आकडा ठळक उमटला, आज्या खूश झाल्या.

त्याची आई हळूच म्हणाली, “पण ताई, हा दूध पीतच नाही.”

नर्सताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. “काळजी करू नकोस. हे यंत्र तर नवंकोरं आहे.”