उन्हाळ्यातला जुना बर्फ

दिराच्या पायाला प्लास्टर घातल्यापासून तो भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगायचा: आमच्या वहिनीचा नकाशा सोन्यासारखा, कप्तानानेच जहाज बेफाम हाकलं. वहिनी कप उचलायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात पळायची. चोराच्या मनात चांदणं.

समुद्रातल्या बर्फाचे नकाशे तिच्या ऑफिसात निघायचे. खरं तर ते यंत्र काढायचं, ती फक्त त्याची शिकवणी घ्यायची. उपग्रहाच्या रडारची चित्रं दाखवून सांगायची, उजळ दिसतो तो जुना, दगडासारखा बर्फ, त्याच्यापासून लांब राहावं. काळपट तो कोवळा, खुशाल फोडून जावं. यंत्र हुशार, पण उन्हाळ्याची चित्रं आली की गडबडायचं. वरचा थर वितळून ओला झाला की जुना बर्फही रडारला काळपटच दिसतो. गुण घसरू लागले आणि साहेबांपुढची परीक्षा तर तोंडावर आलेली. तिने ती चित्रंच शिकवणीतून काढून टाकली. गुण वाढले, साहेब खूश. नकाशा हिवाळ्यापुरताच वापरा, हे सांगायचं मात्र ती आज-उद्या करत राहिली. उन्हाळा काही कुणासाठी थांबत नाही.

दिराचं जहाज नकाशातल्या कोवळ्या बर्फात शिरलं आणि दगडावर आपटावं तसं आपटलं. तो इंजिनाशी होता, पाय मोडला.

तिला लाज वाटत होती, आणि लाजेहून जास्त भीती. झाकली मूठ झाकलेलीच ठेवून ती घरात वावरत होती. पण कप्तानाला घरी बसवणार, असं नवऱ्याने जेवताना सांगितलं आणि ती ताटावरून उठली. करणी तिची, आणि डाग निवृत्तीला आलेल्या त्या माणसाला.

दुपारी घरात दोघंच होती, तेव्हा ती दिराच्या खाटेशी बसली.

"भाऊजी, नकाशा चुकला होता. तो बर्फ जुनाच होता. मला ठाऊक होतं, असं होऊ शकतं. मी बोलले नाही."

दिराने प्लास्टरवरची चादर सारखी केली. मग म्हणाला, जहाजाचा वेग बेताचाच होता; इंजिनाशी उभ्या माणसाला ते कळणार नाही होय?

"मग सगळ्यांना बेफाम का सांगत होतात?"

"कोवळ्या बर्फाने जहाज फुटत नाही, वहिनी. वेग कमी म्हटलं असतं, तर संशयाचं बोट तुमच्याकडेच वळलं असतं." त्याने तोंड भिंतीकडे वळवलं. "काल चौकशीवाले आले होते. त्यांनाही मी बेफामच सांगितलं. परवा बोलल्या असतात, तर?"