दगडाखालून पाणी

“जगाच्या पाठीवरच्या समस्त बलवानांनो!” उन्नुर लाउडस्पीकरवरून गरजली. “जागतिक बलवान महासंघाच्या महास्पर्धेत तुम्हां सर्वांचं स्वागत असो!”

समस्त बलवान दोघे होते. त्यातला एक खडकामागे लघवीला गेला होता.

दुसरा आमच्याच गावचा ब्यार्की. वायरमन. तो सॉसेज खात उभा होता. सॉसेज उन्नुरच्याच पेट्रोल पंपावरचं, लाउडस्पीकरही पंपावरचाच. उन्नुर महासंघाची अध्यक्ष आहे. तिच्या वडिलांनी महासंघ काढला, ते गेल्यावर पंप आणि अध्यक्षपद दोन्ही तिच्याकडे आलं. पंप बरा चालतो.

खडकामागून हानुस परत आला. फेरो बेटांवरचा मेंढपाळ, दाढीत पाव अडकलेला. “तिसरा कुठाय?” त्यानं विचारलं.

तिसरा म्हणजे स्कॉटलंडचा फर्गस. तो घाटाच्या पलीकडे अडकला होता. घाटमाथ्यावरच्या वाऱ्यानं गाड्या उलटतील म्हणून रस्तेवाल्यांनी घाट बंद केला होता.

“मग उद्या उचलू,” हानुस म्हणाला.

“उद्या महासंघ नसेल,” उन्नुर म्हणाली. लाउडस्पीकर बंद करायचा राहिला होता, त्यामुळे हे सगळ्या स्टैनाविक गावानं ऐकलं.

हे समजायला थोडा इतिहास हवा. आमच्या किनाऱ्यावर एक काळा दगड आहे. पूर्वी तो उचलता आला तरच माणसाला मासेमारीच्या होडीत मासळीच्या पुऱ्या वाट्यावर घेत. उन्नुरच्या वडिलांनी मासे गोठवण्याच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये कॉफी पिता पिता या दगडाभोवती एक जागतिक महासंघ उभा केला. जगाला कळवलं. जग आलंसुद्धा. भरभराटीच्या दिवसांत तीस देशांचे झेंडे इथे फडफडत आणि बलवान झोपायला शाळेत मावत नसत. त्या धुंदीत संस्थापकांनी एक कलम घालून ठेवलं: ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी तीन देशांच्या तीन माणसांनी दगड उचलला नाही, तर महासंघ त्याच संध्याकाळी विसर्जित. एवढीही माणसं मिळेनाशी झाली तर आंतरराष्ट्रीय म्हणवून घ्यायची लाज वाटली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. कलम बदलायला सभा लागते. सभेला तीन देशांचे प्रतिनिधी लागतात.

आणि मग टॉर्फी नडला.

टॉर्फी आमच्या पोहण्याच्या तलावावर रखवालदार. कपडे काढून, साबण लावून आंघोळ केल्याशिवाय तो कुणाला पाण्यात उतरू देत नसे. एका पाहुण्या मंत्र्याला त्यानं दोनदा परत पाठवलं होतं, दुसऱ्यांदा कानामागच्या फेसावरून. असा माणूस पंच म्हणून बरा, असं संस्थापकांना वाटलं. आमच्या दगडाला असाच पंच लागतो. दगड नुसता उचलून भागत नाही. तो भरतीच्या रेषेवर सपाट कातळावर बसलेला असतो. उचलून धरायचा आणि लाट येऊन त्याच्या खालून पाणी पलीकडे जाईपर्यंत धरून ठेवायचा. पाणी गेलं की नाही ते बघायला टॉर्फी कातळावर पालथा पडतो, गाल कातळाला लावतो आणि एक डोळा मिटतो. तो “गेलं” म्हणाला की गेलं.

फिनलंडचा तैस्तो, त्या काळातला सगळ्यांचा लाडका, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर दगड उचलून उभा राहिला, तेव्हा टॉर्फी म्हणाला, “नाही. बाजूनं गेलं.” तैस्तो रागानं निघून गेला. त्याच्यामागे टीव्ही गेला, टीव्हीमागे उरलेले देश गेले. त्यांनी दुसरा महासंघ काढला. तो फुटून तिसरा झाला, तिसऱ्याचे दोन झाले. पुढे एका उन्हाळ्यात जगात सर्वांत बलवान माणसं एकूण चार होती.

तेव्हापासून तलावाच्या गरम कुंडात बसलेला कुणी ना कुणी टॉर्फीला विचारतोच, “अरे, तेव्हा हो म्हणाला असतास तर काय झालं असतं?”

“तरी पाणी गेलं नसतं,” टॉर्फी म्हणतो आणि जाळीनं पाण्यातले केस काढत राहतो. पण त्या वर्षानंतर तो कुंडात इतरांबरोबर बसायला आला नाही. महासंघ बुडाला तर तो कुणी बुडवला, हे गावात विचारावं लागणार नव्हतं.

ब्यार्कीनं दगड उचलला. टॉर्फी म्हणाला, “गेलं.” हानुसनं उचलला. “गेलं.” मग सगळे घाटाकडे बघत उभे राहिले. भरती चढत होती. तासाभरात दगडच पाण्याखाली जाणार होता.

तेवढ्यात बोझेना सूप घेऊन आली. ती पोलंडची. मासे गोठवण्याच्या कारखान्यात लागली आणि इथलीच झाली. कँटीनचं मोठं पातेलं गाडीतून काढून, पोटाशी धरून ती एकटी गोट्यांवरून चालत आली आणि तिनं ते खाली ठेवलं, तेव्हा सूप जरासुद्धा हिंदकळलं नाही.

हानुस पातेल्याकडे बघत राहिला. मग बोझेनाकडे. मग त्यानं उन्नुरला कोपर मारलं.

“बोझेना,” उन्नुर गोड आवाजात म्हणाली, “तुझा देश अजून पोलंडच ना गं?”

“मग काय, चंद्र? का?”

“तो दगड जरा उचलतेस?”

“अगं, बाई चालते का?” ब्यार्कीनं शंका काढली.

टॉर्फी कातळावरूनच बोलला, “नियमात देश विचारलाय. बाकी काही विचारलेलं नाही.”

“इतकी वर्षं इथे आहे मी,” बोझेना हात पुसत म्हणाली. “दर वर्षी सूप आण म्हणता. उचल म्हणून कधी कुणी विचारलं नाही.”

“आता विचारतोय ना!” उन्नुर म्हणाली.

“आता गळ्याशी आलंय म्हणून विचारताय,” ती म्हणाली, पण ॲप्रन सोडलेला होता.

तिनं वाकून हात खाली घातले, दगड हलला, एका कडेवर वर आला. लाट आली, फेस पसरला. आम्ही सगळे ओरडलो, “गेलं! गेलं!”

टॉर्फी अजून दगडाखालीच बघत होता. उन्नुर त्याच्याजवळ गेली आणि तिनं बुटाच्या टोकानं त्याला हळूच डिवचलं. “टॉर्फी,” ती दात आवळून म्हणाली, “बाबांनी तुला पंच केलं होतं. महासंघाचा मारेकरी नव्हे. एकदा तरी नीट बघ.”

टॉर्फीनं नीट बघितलं. त्याचा गाल कातळावर होता आणि मिटलेला डोळा थोडा थरथरत होता.

“नाही,” तो म्हणाला. “बाजूनं गेलं.”

कुणीतरी शिवी दिली. उन्नुरनं लाउडस्पीकर वाळूत टाकला. बोझेनानं मात्र दगड खाली ठेवून त्याच्याकडे पाहिलं.

“काय नाही?”

“तुझ्या बाजूची कड टेकलेली होती.”

“खरंच?”

“बोटभर.”

“मग असं सांग ना बाबा,” ती म्हणाली. “हे सगळे मघापासून गेलं गेलं करतायत. मला वाटलं, झालं.”

तिनं बूट काढले, मोजे काढले. कातळावर अनवाणी पाय रोवले, छाती दगडाला भिडवली आणि पोलिशमध्ये काहीतरी म्हणाली. प्रार्थना असावी, असं गावच्या चर्चच्या पाद्रीबाई नंतर म्हणाल्या. कारखान्यातल्या पोलिश पोरी मात्र तोंडावर हात धरून हसत होत्या. दगड मांडीवर आला. मांडीवरून पोटावर आला. बोझेना सरळ उभी राहिली. दगडाखालून पलीकडचा अख्खा समुद्र दिसत होता.

फक्त तो समुद्र नेमका तेव्हाच शांत झाला होता.

लाट येईना. बोझेनाचा चेहरा लाल झाला, मग जांभळा.

“टॉर्फी, माणुसकी ठेव!” उन्नुर किंचाळली. “दिसतंय की सगळ्यांना!”

“मला नको सांगू,” टॉर्फी म्हणाला. “समुद्राला सांग.”

आणि मग आम्ही जे केलं ते महासंघाच्या इतिहासात कुणी केलं नव्हतं. आम्ही समुद्राला ओरडायला लागलो. “ये! ये!” हानुस मेंढ्यांना बोलावतात तसं बोलावत होता. पाद्रीबाई दोन्ही हात हलवत होत्या. बोझेनाचे गुडघे कापायला लागले, पण दगड तसूभर खाली आला नाही.

आली. लांबून एक करडी घडी सरकत आली, कातळावर चढली, टॉर्फीच्या तोंडावरून, कानांवरून, पाठीवरून गेली आणि बोझेनाच्या अनवाणी पायांमधून, दगडाखालून सरळ पलीकडे निघाली. टॉर्फी खारं पाणी थुंकला.

“गेलं!” तो ओरडला. टॉर्फीला ओरडताना आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. “गेलं! मधनं गेलं!”

त्यानंतर काय झालं ते नीट सांगता येणार नाही. बोझेनानं दगड टाकला तेव्हा किनारा हादरला. ब्यार्कीनं हानुसला उचललं, हानुसनं उन्नुरला. पोलिश पोरींनी बोझेनाला खांद्यावर घेण्याचा प्रयत्न केला आणि सगळ्या मिळून पाण्यात पडल्या. कुणीतरी कारखान्याचा भोंगा वाजवला. घाटापलीकडून फर्गसचा फोन आला, बातमी ऐकून तोही तिकडे रस्तेवाल्यांबरोबर नाचायला लागला म्हणे. कुणी म्हणालं, या “गेलं”वर जगात कुणी बोट ठेवू शकणार नाही, कारण ते टॉर्फीचं आहे. आणि ज्यानं मघाशी शिवी दिली होती, त्यानंच ते सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं.

उन्नुरनं लाउडस्पीकर वाळूतून उचलून झटकला. डोळे पुसले.

“जागतिक बलवान महासंघ,” ती गरजली, “आजही उभा आहे! पृथ्वीवर असं ओझं नाही, की जे आम्ही उचलू शकणार नाही!”

टाळ्या थांबल्या तेव्हा खालून, कातळावरून, एक आवाज आला. टॉर्फी अजून पालथाच होता. भरतीचं पाणी त्याच्या कोपरांपर्यंत आलं होतं.

“तुमचं झालं असेल तर,” तो म्हणाला, “मला जरा कुणीतरी उठवा.”