नदीने सोडलेला बाक

पुरानंतर नदीकाठची बाग पुन्हा उघडली, तशी मीच ह्यांना घेऊन गेले. मला एकच बघायचं होतं, माझ्या मेलेल्या सवतीचा बाक वाहून गेला का. त्याच्या बसायच्या फळीवर ह्यांनी स्वतः तिचं नाव कोरलंय.

घसरगुंडी गेली होती, होड्यांचा धक्का गेला होता, मी लावलेलं झाड तर मुळासकट गेलं होतं. बाक मात्र चिखलात ठाण मांडून होता. नदीलासुद्धा तिचीच भीड पडली.

ह्यांनी माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली आणि ते नाव अक्षर न् अक्षर धुतलं. मला तहान लागली होती, पण सांगायचं कुणाला?

"बस, दमली असशील," ते म्हणाले.

बाकावर जागा भरपूर होती. मी बरोबर नावावर बसले आणि बाग बंद व्हायची शिट्टी वाजेपर्यंत उठले नाही.