तळहाताचं माप

अस्वल परत आलं तेव्हा आई झऱ्यावर पाणी आणायला गेली होती आणि मी दारात उभी राहून चढावरून तिचं डोकं वर येण्याची वाट पाहत होते. आधी कुंपणाची वरची लाकडं हलली. मग डुकरांच्या कोंडवाड्यामागच्या झुडपात काहीतरी काळं, रुंद उभं राहिलं आणि पुन्हा खाली बसलं. वारा आमच्याकडे येत होता. ओल्या कांबळ्याचा वास आला आणि त्याच्याखाली सडक्या मांसाचा. तो सडका वास त्याच्या खांद्यातल्या जखमेचा होता. ती जखम बाबांनी केली होती.

मी हाक मारली नाही. हाक मारली असती तर आई तिथंच थांबली असती, काय गं म्हणून विचारत बसली असती. ती दोन्ही हातांत बादल्या घेऊन वर आली, मी पुढे होऊन तिचा दंड धरला आणि आत ओढून दाराला अडसर घातला.

"पाणी सांडलं की सगळं!" आई म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे पाहून तिनं बादल्या हळूच खाली ठेवल्या. "आलंय?"

"कोंडवाड्यामागे आहे."

"दिवसाढवळ्या?"

पूर्वी ते अंधार पडल्यावर यायचं. मग तिन्हीसांजेला येऊ लागलं. आमची बेल, बाबांची म्हातारी कुत्री, ओसरीच्या पायरीवर मेली, तेव्हाही अजून थोडा उजेड होता. आता त्याला उजेडाचीही भीती उरली नव्हती. पुढचा पाय धड चालत नसलेल्या अस्वलाला झाडावर चढून चेस्टनटची फळं पाडता येत नाहीत, हरणामागे धावता येत नाही. त्याला सहज मिळण्यासारखं या डोंगरात जे होतं ते आमच्या कुंपणाच्या आत होतं. एक गाय, एक डुकरीण, आणि आम्ही दोघी.

बाबांनी त्याला चेस्टनटच्या कड्यावर गाठलं होतं. गोळी लागली, केस उडालेले दिसले, आणि अस्वल पडण्याऐवजी वळलं. ठासणीच्या बंदुकीत दुसरा बार भरायला वेळ लागतो, तेवढा वेळ त्यानं दिला नाही. ओबेड काका, बाबांचे थोरले भाऊ, त्यांच्या मागे होते. त्यांनी आरडाओरडा करून, कुऱ्हाड फेकून ते हटवलं आणि बाबांना पाठीवर घालून घरी आणलं. बाबा पुढचा रविवार बघू शकले नाहीत. खोऱ्यातल्या शाळेत मी मुलांना शिकवत होते तिथं निरोप आला. मी पोचले तेव्हा त्यांना ताप होता आणि ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते: "नेम बरोबर होता, लव्हिसा. नेम बरोबर होता."

माती झाल्यावर माझा भाऊ गावातल्या बाकी पुरुषांबरोबर डुकरांचे कळप हाकत दक्षिणेच्या बाजारांकडे गेला. वर्षाचा तोच एक हंगाम असतो, थांबून चालत नाही. झाडं पुरती निष्पर्ण झाल्याशिवाय त्यातलं कुणी परत येणार नव्हतं. माझ्याबरोबर खोऱ्यात चल म्हटलं की आई खिडकीतून सफरचंदाच्या झाडाखालच्या ताज्या मातीकडे बघायची. मग मीही तो विषय काढणं सोडून दिलं.

दुपारी ओबेड काका ओढा ओलांडून काठी टेकत आले. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. या अशा वाटेनं ते एकटे चालत आले याचाच मला धसका बसला.

"काका, वाटेत ते असतं तर?"

"असतं तर मला दिसलं नसतं, म्हणजे मी घाबरलोही नसतो," काका म्हणाले आणि आईच्या दिशेनं वळले. "डॉर्कस, काहीतरी गरम दे गं. आणि तू, पोरी, तुझ्या बापाची बंदूक खाली काढ."

"तुम्ही मारणार?"

"मी मारायला गेलो तर तुमची गाय मरेल. तू मारायचंस. खारी पाडायचीस ना लहानपणी? अस्वल म्हणजे मोठी खार. पळतही नाही तेवढी."

कुणी हसलं नाही. काकांनी मक्याच्या लापशीची वाटी दोन्ही हातांनी धरली.

आम्ही चुलीपाशी बसून गोळ्या ओतल्या. काका सांगत होते, मी करत होते. नुसत्या शिशाची गोळी अस्वलाच्या चरबीत शिरली की चपटी होते, त्यांचं म्हणणं. हरणाला ती चालते. शरदात खाऊन माजलेल्या अस्वलाच्या खांद्यावर चार बोटं चरबी, मग घट्ट स्नायू, मग हाड. तिथं कडक गोळी पाहिजे, शिशात कथील पाहिजे.

"कथील कुठनं आणू?"

आई उठली, फळीवरून बाबांचा कथलाचा चमचा काढला आणि माझ्यासमोर ठेवला. तिच्या लग्नातला होता. बाबा दुसऱ्या चमच्यानं खात नसत. मी तो हातात घेऊन बसले, तेव्हा ती म्हणाली, "वितळव. आता कोण खाणार आहे त्यानं?"

चमचा आधी दांड्याकडून वाकला, मग एकदम नाहीसा झाला.

साच्यातून निघालेल्या गोळ्या चकचकीत होत्या, नखानं ओरखडा उठत नव्हता. काका त्या कानाशी नेऊन एकमेकींवर आपटत होते. "ही ठीक. ही फेक, आत पोकळ आहे. ही ठीक." मग त्यांनी विचारलं, "तुझ्या बापाचं बारुदाचं माप आहे ना?"

माप होतं. बारूद ठेवायच्या शिंगाला दोरीनं बांधलेलं, हरणाच्या शिंगाचं टोक कोरून केलेलं. जुनं माप बेलनं वसंतात चावून फोडलं होतं आणि बाबांनी नवीन कोरलं होतं, त्यांच्या वडिलांनी शिकवलेल्या पद्धतीनं. आमच्या डोंगरात सगळे तसंच करतात. आपल्या बंदुकीची गोळी तळहातावर ठेवायची, वरून बारूद ओतत जायचं, आणि गोळी पुरती झाकली गेली की थांबायचं. तेवढं बारूद त्या बंदुकीचं. मग तेवढंच मावेल असं माप कोरायचं.

मी चुलीपासून लांब, खिडकीपाशी सरकून गोळी डाव्या तळहातावर ठेवली आणि बाबांचं माप भरून तिच्यावर ओतलं. का, ते सांगता येत नाही. त्यांनी केलं असेल तसं करून बघायचं होतं, एवढंच.

गोळी झाकली गेली नाही.

तिचा चांगला अर्धा भाग बारुदातून वर राहिला, टकलासारखा. मला वाटलं माझा हात हलला. बारूद परत मापात भरलं, कागदावर सांडलेले कणसुद्धा उचलले, पुन्हा ओतलं. पुन्हा तेच.

"काका, हे माप कमी आहे."

"अ‍ॅम्ब्रोजचं माप?" काकांनी माझ्या दिशेनं तोंड वळवलं. "तुझा बाप उभा जन्म शिकार करत होता. तुझ्या पुस्तकांत काय लिहिलंय ते मला नको सांगू."

"पुस्तकातलं नाही. हातावर घेऊन बघितलं."

"मग तुझा हात चुकला. प्लेझंट गारलंडचं तोंड आठवतं तुला? तोंड कसलं, अर्धं उरलंय. त्यालाही वाटलं होतं अस्वलाला जरा जास्त बारूद घालावं. नळी मागच्या बाजूनं फुटली. अस्वल घरी गेलं आणि प्लेझंटला झोळीत घालून आणला. बापाचं माप धर आणि गप बस."

प्लेझंट गारलंड रविवारी चर्चमध्ये आमच्या पुढच्या बाकावर बसायचा आणि वळून हसायचा, तेव्हा मी लहानपणी डोळे मिटून घेत असे. नळीमागचं लाकूड गालाला टेकवून चाप ओढायचा असतो. जास्त भरलं तर माझं तोंड, कमी भरलं तर अस्वल. मी हात पुढे करून बसून राहिले आणि त्यावरच्या काळ्या ढिगाकडे बघत राहिले. माझा तळहात सपाट होता. बारूद चहूकडे पसरत होतं.

तेव्हा मला बाबांचा हात दिसला. ताटीवर ठेवण्याआधी शेजारणींनी त्यांना आंघोळ घातली, स्वच्छ सदरा घातला, दोन्ही हात छातीवर ठेवले. उजवा सरळ राहिला. डाव्याची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळहाताकडे वळलेली होती, आणि कितीही दाबली तरी सरळ होईनात. मला वाटलं, मरणानं मूठ आवळली असेल. पण मरण एकाच हाताची मूठ कशाला आवळेल?

मी माझी तीच दोन बोटं आत वळवली. तळहाताला खोलगट पन्हळ पडली. गोळी तिच्यात जाऊन बसली. बाबांचं माप तिच्यावर ओतलं आणि ती पुरती झाकली गेली.

मी मान वर केली नाही. आई पलीकडे भांडी घासत होती.

नेम बरोबर होता. वसंतापासून त्यांचे बार खाली पडत होते, असं भाऊ म्हणाला होता. बाबांनी डोळ्यांना दोष दिला होता आणि चष्म्याची चेष्टा केली होती. माप त्यांनी आपल्याच हातावर पारखलं होतं, आणि हात हळूहळू मिटत चालला होता.

ही सगळी माझी कल्पनाही असू शकेल, हे मला कळत होतं. दुःखात माणूस कारणं शोधतं. कल्पना खोटी निघाली तर मी प्लेझंट गारलंडच्या शेजारच्या बाकावर बसणार होते, किंवा आईजवळ कुणीच उरणार नव्हतं.

सकाळी धुकं होतं. मक्याच्या कोठारात, ओंडक्यांच्या फटीतून कोंडवाडा दिसतो. तिथं मी गोळी हातावर ठेवली. बोटं सरळ केली, पुरती सरळ, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत बारूद ओतलं. ते नळीत सोडताना कण माझ्या मनगटाला चिकटले, इतका हात ओला होता. चरबी लावलेली चिंधी, तिच्यावर गोळी, मग गज. गोळी बारुदावर टेकली की गज जरा उसळतो. तो उसळेपर्यंत मी ठासत राहिले. मध्ये पोकळी राहिली तरी नळी फुटते. बार पेटवणारी तांब्याची टोपी बसवायला तीनदा हात गेला.

"भरली?" काकांनी ओसरीवरून दबक्या आवाजात विचारलं. ते कुऱ्हाड घेऊन दारात बसले होते, आई त्यांच्या मागे.

"भरली."

"त्याच्याच मापानं ना?"

मी नळी फटीत सरकवली. ओरडून बोलायची ती वेळही नव्हती.

आधी वास आला. मग डुकरीण ओरडायची थांबली, आणि ते तिच्या ओरडण्यापेक्षा वाईट होतं. धुक्यातून अस्वल तीन पायांवर आलं, चौथा पाय पोटाशी धरून, अगदी सावकाश, घरचं जनावर यावं तसं. ते कोंडवाड्याकडे गेलं नाही. कुंपणाच्या पडलेल्या भागातून आत शिरलं आणि घराकडे तोंड करून उभं राहिलं. ओसरीवर काका बसले होते. त्यांना ते दिसत नव्हतं. ते मान वळवून ऐकत होते, पण भलत्याच दिशेला.

आईला दिसत होतं. ती हलली नाही.

मला गाल लाकडाला टेकवता येईना. टेकवला की प्लेझंटचं तोंड. अस्वलानं एक पाऊल टाकलं. आईनं काकांच्या खांद्यावर हात ठेवला. मी गाल टेकवला, दुखऱ्या खांद्याच्या मागचा खड्डा धरला आणि चाप ओढला.

बंदुकीनं मला मागे मक्याच्या कणसांवर फेकलं. कानांत घंटा वाजत होत्या. मी तोंडाला हात लावला. तोंड होतं. पण बाहेर पांढरा धूर, त्यात धुकं, आणि त्यापलीकडे काहीच नाही. मी गुडघ्यांवर बसून शिंग उलटं केलं, हातावर गोळी ठेवायची विसरले, बारूद मांडीवर सांडलं. बाबांनी कड्यावर हेच केलं असेल. धुरातून काहीतरी जड ओढल्यासारखा आवाज येत होता. जवळ येत होता की लांब जात होता ते कळत नव्हतं. मग एक लांब, ओला श्वास. मग तोही नाही.

"आई!" मी ओरडले.

"आहे," आई धुरातून म्हणाली. "आम्ही आहोत. तू बाहेर येऊ नकोस अजून."

दुपारपर्यंत काका अस्वल सोलत बसले. त्यांना दिसत नसलं तरी सुरीला सगळं ठाऊक होतं. मांस टाकून द्यावं लागलं, कातडं ठेवलं. पहिली गोळी, बाबांची, त्यांना बोटांनी सापडली, खांद्याच्या हाडावर, चरबीच्या आत, बटणासारखी चपटी. हाडाला टवकासुद्धा गेला नव्हता. दुसरी पार पलीकडच्या कातड्याखाली होती, मधल्या दोन फासळ्या फोडून गेलेली, जवळजवळ गोल.

काका दोन्ही गोळ्या बराच वेळ बोटांत फिरवत राहिले.

"चमचा!" शेवटी ते म्हणाले. "मी सांगितलं होतं की नाही? कथील. अ‍ॅम्ब्रोजला किती वर्षं सांगत होतो, गोळीत कथील घाल, कथील घाल. ऐकलं असतं तर..." त्यांनी बाहीनं डोळे पुसले. "माप तेच, बंदूक तीच. फरक चमच्याचा."

"हो काका," मी म्हणाले. "चमच्याचाच."

ते गेल्यावर मी बाबांचं माप शिंगाच्या दोरीवरून सोडलं आणि चुलीत टाकायला वाकले, तर आई म्हणाली, "थांब."

तिनं ते माझ्याकडून घेतलं आणि कपड्यांच्या पेटीत, त्यांच्या सदऱ्याखाली ठेवलं. मग फळीवरून हंसाच्या चरबीची वाटी काढून माझ्याजवळ येऊन बसली.

"रोज चोळून द्यायची मी," ती म्हणाली. "बोटं उघडायची नाहीत. सदऱ्याची बटणंही मीच लावायची. मला म्हणाले, कुणाला सांगू नकोस, नाहीतर मला कड्यावर नेणार नाहीत. म्हणून नाही सांगितलं." तिनं वाटी मांडीवर ठेवली. "माप कोरताना मी समोर बसले होते, लव्हिसा. मला नाही कळलं गं."

"कुणालाच नसतं कळलं, आई."

"त्यांच्या वडिलांचाही हात तसाच होता. आधी बोटाच्या मुळाशी गाठ येते." तिनं चरबीत बोट बुडवलं. "डावा हात दे."

मी दिला. तिनं तो पालथा केला, उताणा केला, बोटं एकेक करून मागे दाबली. मग तिचा अंगठा अनामिकेच्या मुळाशी गेला आणि तिथं थांबला. काहीतरी शोधत तो हळूहळू पुढे सरकला, परत मागे आला. बाहेर डुकरीण पुन्हा ओरडायला लागली होती. मी आईच्या तोंडाकडे बघत होते, आणि ती माझ्या हाताकडे.