हुणसेमर सर्कलचा सिग्नल

"काका, हुणसेमर सर्कलला तुम्ही नकाशात सिग्नल दाखवलाय. पण फ्लायओव्हरच्या कामात तो काढला, वर्ष झालं. काल मी तिथूनच गेलो. प्लीज चेक कराल का?"

अजिंक्यचा मेसेज उमाजींनी वाचला आणि चहाचा घोट तोंडातच राहिला. वीणाला घरातून निघून अर्धा तास झाला होता.

उमाजी मूळचे निपाणीचे, पण बेंगळुरूचे ट्रॅफिक सिग्नल दुरुस्त करण्यात तीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा पुण्याहून बेंगळुरूच्या एचएसआर भागात नोकरीला आलेल्या, ओळखीतल्या या अजिंक्यने त्यांना एक नाद लावून दिला. इंटरनेटवर कुणीही भर घालावी असा नकाशा असतो. त्यात चौकांची नावं लिहायची, सिग्नलच्या खुणा करायच्या. नियम एकच, जाऊन बघायचं आणि मगच लिहायचं. पण उमाजींना कसलं आलंय जाऊन बघणं! कुठल्या चौकातल्या सिग्नलच्या पेटीत पाल राहायची तेसुद्धा त्यांना तोंडपाठ. खाटेवर बसल्या बसल्या त्यांनी चाळीस चौक भरले आणि वर मिशीला पीळ दिला. हुणसेमर म्हणजे कन्नडमध्ये चिंचेचं झाड. ते झाड कधीच गेलं होतं, तरी उमाजींनी नावही लिहिलं आणि सिग्नलही लावला.

वीणा त्यांची मुलगी. तिला जन्मापासून दिसत नाही. बँकेत नोकरी करते, आणि तिचा फोन तोच नकाशा वाचून तिच्या कानात सांगत असतो, पुढे चौक आहे, सिग्नल आहे. आज नव्या शाखेतला पहिला दिवस, आणि वाट हुणसेमर सर्कलवरून. सकाळी ते म्हणाले होते, "मी येतो की सोबत." ती हसली होती. "अप्पा, नकाशा तुमचाच आहे की. मग भीती कसली?"

त्यांनी फोन लावला. रिंग वाजत राहिली. रस्त्यावर असताना फोन घ्यायचा नाही, हे त्यांनीच तिला दहा वर्षं बजावलेलं. पुन्हा लावला, पुन्हा लावला. मग पायांत चपला सरकवून ते जिना उतरले. गुडघे दुखतात की नाही याची त्यांना शुद्ध नव्हती.

"एचएसआरच्या अलीकडं, हुणसेमर सर्कल. स्वल्प बेगा होगी, अण्णा," जरा लवकर चल म्हणून त्यांनी रिक्षावाल्याला हात जोडले.

"ट्राफिक नोडी, सार," त्याने पुढच्या रांगेकडे बोट दाखवलं.

जयनगर संपता संपेना. मागून एक अॅम्ब्युलन्स आली, वाट काढत पुढे गेली आणि नेमकी त्यांच्याच दिशेला वळली. देवा, हात तुटो माझा, त्या खुणेला लागलेला. फुटपाथवर उभी राहून पोर गाड्या थांबायची वाट बघेल. जरा कुठे आवाज कमी झाला की तिला वाटेल, लाल लागला. आणि ती पाऊल टाकेल, कारण बापाने सांगितलंय की इथे सिग्नल आहे.

रिक्षा पूर्ण थांबायच्या आत ते उतरले.

रस्ता चारही बाजूंनी वाहत होता. जिथे त्यांचा खांब होता, तिथे निळे पत्रे ठोकलेले. आणि पत्र्यांच्या कडेला, अगदी टोकावर, वीणा उभी होती. पांढरी काठी खालच्या टोकाला वाकलेली.

"पोरी." त्यांनी तिचं मनगट गच्च पकडलं.

ती दचकली. "अप्पा? तुम्ही कसे इथं?" मग आवाज खाली आला. "वीस मिनिटं उभी आहे. गाड्या थांबतच नाहीत. एकदा वाटलं थांबल्या, म्हणून उतरले. मोटारसायकल काठीवरनं गेली. हा सिग्नल बिघडलाय का?"

बिघडलाय म्हटलं असतं तर निभावून गेलं असतं. तीस वर्षं त्यांनी लोकांना तेच सांगितलं होतं.

"इथं सिग्नल नाही, वीणा. काढून वर्ष झालं. मी बघायला आलोच नव्हतो. घरी बसून लावला."

एक बस अंगावरून गेल्यासारखी गेली.

"असे आणखी किती आहेत?"

"घरी बसून भरलेले? एकोणचाळीस."

"त्यांतल्या कुठं कुठं मी गेले असेन?"

उमाजी मनात एकेक चौक आठवू लागले. या शहरात तो नकाशा कानात घालून चालणाऱ्या आणखी किती पोरी होत्या, कुणास ठाऊक.

"चल, पलीकडं नेतो," ते तिला ओढू लागले.

वीणाने मनगट सोडवून घेतलं. "असं धरू नका, अप्पा. मी तुम्हाला धरते."

तिने चाचपून त्यांचं कोपर धरलं. उमाजी वाहत्या गाड्यांकडे बघत तिथेच थांबले. तिने बोटं जरा घट्ट केली आणि ते पाऊल कधी टाकतात, याची वाट बघत ती उभी राहिली.