उकिरड्यावर ओतलेली बादली

मित्रांनो, माझी ओळख सांगितली की मुलं नाक धरतात. खुशाल धरा, पण ऐका. मी एक जुना उकिरडा आहे. शिरोली एमआयडीसीच्या पलीकडे, उसाच्या एका गावात, गोठ्यामागे माझा खड्डा आहे. तो तात्यासोंनी खणला. तात्यासो आता नाहीत. घरात त्यांची बायको राजमती, मुलगा वृषभ आणि गोठ्यात एक म्हैस. वृषभ फाउंड्रीत कामाला जातो आणि उरलेल्या वेळात शेत बघतो.

लोक मला कचरा समजून शेण, भाजीची देठं, पाचट, चुलीतली राख असं सगळं देतात. माझ्या पोटातली गांडुळं, बुरशी आणि डोळ्यांना न दिसणारे कितीतरी जीव त्याचं खत करतात. ते खत उसाला जातं, उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, म्हैस खाते, आणि म्हशीचं शेण फिरून माझ्याकडे येतं. एकच कण किती वेळा माझ्या पोटात येऊन गेला असेल, देव जाणे.

उन्हाचं मात्र तसं नाही. उसाच्या पानांनी धरलेलं ऊन वाड्यातून म्हशीच्या पोटात जातं. त्यातलं बरंचसं तिच्या अंगाच्या उबेत संपतं, थोडं दुधात उतरतं, थोडं शेणातून माझ्याकडे येतं. थंडीच्या सकाळी माझ्यातून वाफा निघतात ना, तेव्हा तेही निघून जातं. गेलेलं ऊन परत येत नाही, रोज नवंच लागतं. कण तेवढे राहतात, आणि ते फिरते ठेवायचे तर माझ्या पोटातले जीव जगले पाहिजेत. म्हणून मी सदा त्यांच्या काळजीत असतो.

तात्यासो होते तेव्हा माझा थाट होता. खत काढताना ते मूठभर नाकाला लावून म्हणायचे, "सोनं हाय ह्ये, सोनं!" पुढे खताच्या पिशव्या आल्या, म्हशी कमी झाल्या, दसऱ्यानंतर उसाच्या लागणीपुरतं खत काढायचे, पण माझं कौतुक करायला कुणी फिरकेना.

मग गेल्या सालचा तो वळीव आला. वळीव पडला की तिन्हीसांजेला हुमणीचे भुंगेरे लिंबाच्या झाडावर जमतात. त्यांच्या अळ्या उसाची मुळं खातात, म्हणून गावातले लोक फांद्या हलवून भुंगेरे पाडतात आणि रॉकेलच्या पाण्यात टाकतात. वृषभनेही बादलीभर पाडले, वर पोतं बांधलं आणि रात्रपाळीची बस धरायला पळताना आईला ओरडून सांगितलं, "रॉकेलचं पाणी वत गं ह्यात!"

राजमती जैन घरातली. पाणी गाळून पिणारी, दिवस मावळायच्या आत जेवणारी. तिच्या हातून ते व्हायचं कसं? बादली घेऊन ती माझ्याकडे आली आणि हळूच माझ्यावर उपडी केली. "ऱ्हावा बाबांनो हितंच. उसाकडं तेवढं जाऊ नका," असं त्यांना विनवून ती गेली.

मित्रांनो, ते कुठले ऐकतात! काही भुंगेरे उडाले, बरेच माझ्यात शिरले आणि त्यांनी अंडी घातली. अळ्या माझ्याच शेणावर पोसल्या. त्यांचा मला राग येईना, बाकीच्यांसारख्याच त्याही माझं खाऊन जगत होत्या. पण दसऱ्यानंतर माझं खत कुठे जाणार, हे मला ठाऊक होतं. खतातून त्या थेट उसाच्या मुळाशी पोचल्या असत्या. तोंड असतं तर मी आरडाओरडा केला असता!

दसरा झाला. लागणीसाठी खत काढायला वृषभ आला आणि पहिल्याच फावड्यात लठ्ठ, पांढऱ्या अळ्या वर आल्या. शेजारचे शेतकरी गणपती बांधावरून ओरडले, "हुमणी हाय की रं ही! औषध वत सगळ्यावर!"

वृषभने विषाचा डबा आणला आणि माझ्या काठावर ठेवला. त्याने झाकणाला हात घातला तसा माझा जीव उडाला. अळ्यांबरोबर माझी गांडुळंही गेली असती, सगळंच गेलं असतं. मग इथे पडलेलं शेण शेणच राहिलं असतं.

तेवढ्यात राजमती धावत आली आणि तिने त्याचं मनगट धरलं.

"वतू नगं. ते किडं मीच सोडल्यात."

"काय?"

"तू बादली दिलतीस. माझ्यानं हुईना रं. हितं वतली."

वृषभने एक अळी उचलून तिच्यापुढे धरली. "आई, सगळा ऊस वाळला असता की गं! कुणाला दया दावलीस तू?"

"चुकलं माझं. पर गांडुळांनी काय केलंय? तुझ्या बानं जपल्यात ती."

"मग करू काय मी?"

तिने डबा उचलून बाजूला ठेवला. मग खालमानेनं म्हणाली, "उन्हात पसर. पाखरं येतील."

त्याने गांडुळांचा तळाचा ओला थर सावलीत राखला आणि बाकीचं खत अंगणात पातळ पसरलं. साळुंक्या आल्या, बगळे आले. उसाने धरलेलं ऊन शेणातून अळीत आणि अळीतून पाखरांच्या पंखांत गेलं. राजमती तिकडे पाठ करून बसली होती.

यंदा पुन्हा वळीव पडला. आदल्या सांजेला पाडलेल्या भुंगेऱ्यांची तीच बादली घेऊन राजमती दुपारी माझ्यासमोर उभी राहिली. आत भुंगेरे खरडत होते. ती तशीच उभी राहिली, मग मागे फिरली आणि बादली वृषभच्या हातात दिली. "घे. तूच बघ काय ते." दिवस मावळायच्या आत ताट वाढलेलं होतं, पण त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी देठं टाकायला आली तेव्हा तिने माझ्यातलं मूठभर खत उचलून नाकाला लावलं.

विषाचा डबा अजून गोठ्यात, भरलेलाच आहे. वृषभ तिकडे वळला की माझा जीव टांगणीला लागतो.

मित्रांनो, तुमच्याही घरामागे माझ्यासारखा कुणी असेल. त्याच्यावर विष ओता नाहीतर दया, पण ओतण्याआधी एवढं विचारा, हे पुढे कुठे जाणार? माझ्यात पडलेलं माझ्यापाशी राहत नाही. ते फिरून तुमच्याच ताटात येतं.